राउटरच्या पोटातली चिप

कळव्यात आमच्याकडे इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत. एक केबलवाल्याची, दुसरी पावसात ती बसली की कामाला येणारी. दोन्ही एकाच राउटरला लावायच्या तर लॅनचा, म्हणजे घराकडचा, एक पोर्ट वॅन, म्हणजे इंटरनेटकडचा, करावा लागतो. राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर टाकलं की हे जमतं, पण ते जमण्यामागे बरीच वर्षं गेली आहेत.

लिंक्सिसने आपल्या डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स कोड जीपीएल परवान्यामुळे 2003 साली खुला केला आणि 2004 मध्ये त्यावर ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. चर्चा व्हायची वायफायची. घाम काढायची ती स्विच चिप. मागे पाच पोर्ट दिसले तरी आत बहुधा एकच चिप, प्रोसेसरकडे जाणारी तिची एकच वाट, आणि घर व इंटरनेट यांच्यातली भिंत व्हीलॅनची, म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरची.

त्यात आकडेही उलटे. डब्ल्यूआरटी54जीएलच्या डब्यावर लॅन 1 छापलेला पोर्ट चिपच्या हिशेबी 3, लॅन 4 म्हणजे 0, वॅन 4 आणि प्रोसेसर 5. व्हीलॅनच्या पोर्टांच्या यादीत तो 5 लिहायचा राहिला की राउटर जिवंत, पण केबलने हाक ऐकेना. मग फेलसेफ, म्हणजे बिघडलेल्या सेटिंग्ज बाजूला ठेवून राउटर सुरू करणं: चालू होताना दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, लॅपटॉपला हाताने 192.168.1.2 पत्ता द्यायचा आणि त्या काळी टेलनेटने 192.168.1.1 वर शिरायचं.

पुढे स्विचकॉन्फिग आलं. ब्रॉडकॉम, अथेरॉस, रियलटेक अशा चिपा एकाच आज्ञेखाली आल्या. मुख्य लिनक्स कर्नेलने त्याला कधी घरात घेतलं नाही. तिथे 2008 पासून स्विच हाताळायला डीएसए होतं, सुरुवातीला मार्व्हेलच्या चिपांपुरतं. त्यात प्रत्येक पोर्ट स्वतंत्र इंटरफेस म्हणून दिसतो: लॅन1, लॅन2, वॅन. आकड्यांचं कोडंच मिटतं. रचना हीच सरस, तरी स्विचकॉन्फिगला नावं ठेवणं मला पटत नाही. स्वस्त राउटर इतकी वर्षं त्याच्याच जिवावर चालले.

ओपनडब्ल्यूआरटीत डीएसए मोठ्या प्रमाणावर आलं ते 2021 च्या 21.02 आवृत्तीत. जुन्या सेटिंग्ज नव्या रचनेत चालत नाहीत, म्हणून अशा राउटरांवर अपग्रेड आधी अडून बसतं आणि सगळं नव्याने मांडावं लागतं.

टीपी-लिंकच्या 841एनसारख्या छोट्या राउटरांपर्यंत हे पोचलंच नाही. 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमच्या राउटरांचे अधिकृत बिल्ड 19.07 नंतर थांबले. स्विच मात्र शाबूत असतो. पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करून, पत्ता बदलून लॅनला जोडला की जास्तीचे पोर्ट द्यायला तो अजून उपयोगी पडतो.