रात्रीच्या रानात कोण ओरडतं?

ब्रिस्बेनपासून शंभरेक किलोमीटर वायव्येला किलकॉय नावाचं गाव आहे. गुराढोरांवर चालणारं, छोटं. तिथल्या बागेत एक पुतळा उभा आहे. केसाळ, दणकट, माणसासारखा दोन पायांवर उभा राहिलेला. हा पुतळा याउईचा. १९७९च्या डिसेंबरात गावाजवळच्या ओढ्याकाठी रानात गेलेल्या दोन शाळकरी मुलांनी असा प्राणी पाहिल्याचं सांगितलं आणि गावाने ती गोष्ट आपली मानली.

हिमालयात यती, अमेरिकेत बिगफूट, तसा ऑस्ट्रेलियात याउई. क्वीन्सलँडपासून व्हिक्टोरियापर्यंत पूर्व किनाऱ्याला समांतर जी डोंगररांग जाते, तिच्या रानांत तो राहतो असं सांगितलं जातं. तिथले लोक या रानाला ‘बुश’ म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ झुडूप सापडेल, पण तो इथे उपयोगाचा नाही. बुश म्हणजे आपलं रान. निलगिरीच्या उंच, साल सोललेल्या झाडांचं, खोल घळींचं, उन्हाळ्यात पेटणारं रान. सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्सचा जो जागतिक वारसा परिसर आहे, तो एकटाच दहा लाख हेक्टरांहून मोठा. काही घळींत आजही माणूस क्वचितच उतरतो. अशा रानाकडे पाहताना ‘इथे काय काय असेल’ हा प्रश्न पडणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

तो प्रश्न घेऊन काही माणसं दर थोड्या दिवसांनी रानात शिरतात. ती शास्त्रज्ञ नसतात. नोकरीधंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून ती शुक्रवारी संध्याकाळी निघतात. गाडीत तंबू, शिधा, अंगातली उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा, अंधारात पाहायची दुर्बीण, आवाज टिपणारी यंत्रं आणि पायाचा ठसा मिळालाच तर ओतायला प्लास्टर ऑफ पॅरिस. अंधार पडला की कुणी लाकडी दांड्याने झाडाच्या खोडावर ठोके देतो, कुणी लांब हाळी घालतो, आणि मग सगळे गप्प बसून उत्तराची वाट पाहतात. फांदीवर सफरचंदं ठेवली जातात. सकाळी वाकलेल्या रोपांचे आणि एकमेकींवर फुलीसारख्या पडलेल्या फांद्यांचे फोटो काढले जातात, कारण या खुणा याउई आपली हद्द दाखवायला करतो असा समज आहे.

या माणसांना वेड्यात काढणं सोपं आहे आणि मला ते मुळीच पटत नाही. अंधाऱ्या रानात रात्रभर, हातातला फोन बंद करून, कान देऊन बसणारी माणसं आज किती उरली आहेत? त्यांच्याविषयी आदर ठेवूनच त्यांच्या शोधाची तपासणी करायला हवी.

गोष्ट जुनी आहे. हेन्री जेम्स मॅककूई नावाच्या एका हौशी निसर्गअभ्यासकाने १८८२च्या डिसेंबरात सिडनीच्या ‘ऑस्ट्रेलियन टाउन अँड कंट्री जर्नल’मध्ये पत्र लिहिलं. बेटमन्स बे आणि उलाडुला यांच्यामधल्या किनारी रानात आपल्याला शेपूट नसलेला, लांब काळ्या केसांचा, सुमारे पाच फुटी ‘वानर’ दिसला. आपण दगड मारला तसा तो पळाला, असं त्याने नोंदवलं. चाळीस पौंड मिळाले तर सिडनीच्या संग्रहालयाला असा एक प्राणी पकडून देईन, अशी तयारीही दाखवली. तो प्राणी संग्रहालयात कधीच पोहोचला नाही.

त्याच्याही आधी, १८४०च्या दशकातल्या लिखाणात अशा प्राण्याला ‘याहू’ म्हटलेलं आढळतं. हा शब्द जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधला, तिथल्या केसाळ, रानटी माणसांचा. तो वसाहतवाल्यांनी बोटीतून आणला, की एखाद्या स्थानिक भाषेतला तसाच ध्वनी त्यांच्या ओळखीच्या शब्दात मिसळला, यावर अभ्यासकांत वाद आहे. पुढे १८६१ मध्ये पॉल दु शैयूचं आफ्रिकेतल्या प्रवासाचं पुस्तक आलं आणि इंग्रजी जगात गोरिलाची हवा झाली. त्यानंतरच्या बातम्यांतला ऑस्ट्रेलियाचा केसाळ माणूस हळूहळू ‘वानर’ किंवा ‘गोरिला’ होत गेला. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला चित्रित झालेली बिगफूटची फिल्म जगभर गाजली, आणि १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ‘याउई’ हे नाव घरोघरी पोहोचलं. रेक्स गिलरॉय या धडपड्या माणसाचा त्यात मोठा वाटा. ब्लू माउंटन्समध्ये राहून त्याने लोकांनी सांगितलेल्या हजारो हकिगती गोळा केल्या, पायाचे ठसे जमवले, आणि २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो या शोधाला चिकटून राहिला. १९७०च्याच दशकात कॅनबेराच्या एका रेडिओ केंद्राने आणि क्वीनबियनच्या महोत्सव मंडळाने मिळून जिवंत याउई आणून देणाऱ्याला दोन लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते घ्यायला कुणी आलं नाही. पुढे सिनेटर झालेल्या बिल ओची यांनीही १९७७ मध्ये, शाळेच्या सहलीत, स्प्रिंगब्रुकच्या रानात असा प्राणी पाहिल्याचं सांगितलं आहे. म्हणजे सांगणारे नेहमीच निनावी किंवा हलक्या कानाचे असतात असं नाही.

पण या इतिहासात एक धागा मला ठळक दिसतो. पाहणाऱ्याच्या काळात जी चित्रं छापली जात होती, तसा याउई बदलत गेला. खराखुरा प्राणी वर्तमानपत्रं वाचून अंगकाठी बदलत नाही.

आता आदिवासी कथांकडे येऊ. शोधमोहिमांचे लोक सांगतात की गोरा माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या मूळ रहिवाशांना हा प्राणी माहीत होता. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे युइन लोक दूलिगा नावाच्या केसाळ माणसाविषयी सांगतात. केप यॉर्क द्वीपकल्पात लॉरा गावाभोवतीच्या खडकांवर क्विंकन नावाचे आत्मे रंगवलेले आहेत. त्यांतले काही ताडासारखे उंच आणि काटकुळे, तर काही बुटके आणि ढेरपोटे. ही चित्रं थरारून टाकणारी आहेत. पण क्विंकन हे वानर नव्हेत. ते विशिष्ट जागेचे आहेत, त्या जागेची गोष्ट सांगण्याचा हक्क ठरावीक लोकांचा आहे, आणि रात्री एकट्याने कुठे जाऊ नये, कुठल्या ठिकाणी कसं वागावं हे त्या गोष्टींतून मुलांना कळत आलेलं आहे. यातला केसाळपणा तेवढा उचलायचा, ‘हजारो वर्षांचे साक्षीदार’ म्हणून तो पुराव्याच्या रकान्यात भरायचा आणि बाकीची गोष्ट टाकून द्यायची, हे मला त्या लोकांवर अन्याय करणारं वाटतं.

प्राणिशास्त्राची अडचण तर फारच मोठी आहे. ऑस्ट्रेलियाचा भूखंड अंटार्क्टिकापासून सुटला आणि कोट्यवधी वर्षं समुद्रात एकटा राहिला. त्यामुळे तिथे पिशवीवाल्या प्राण्यांचं राज्य झालं. आशियातून माणसाआधी पोहोचले ते उडणारी वटवाघळं आणि लाकडाच्या ओंडक्यांवरून वाहत आलेले उंदीर. बाली आणि लोंबोक यांच्यात जेमतेम ३५ किलोमीटर समुद्र आहे, पण तो खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी १२० मीटर खाली गेली तेव्हाही तिथे जमीन उघडी पडली नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेसने प्राण्यांच्या दोन जगांमधली रेघ ओढली ती इथेच. ओरांगउटान बोर्निओ-सुमात्रापर्यंतच राहिला. सुमारे ६५ हजार वर्षांपूर्वी माणूस पोहोचेपर्यंत ऑस्ट्रेलियात वानरकुळातलं कुणीही पोहोचल्याची खूण नाही.

आणि खुणा शोधायला जागा कमी नाहीत. रिव्हर्सलेच्या चुनखडीत अडीच कोटी वर्षांपर्यंत मागे जाणारे जीवाश्म आहेत. नॅराकोर्टच्या गुहांत पाच लाख वर्षं प्राणी पडत, मरत आणि गाळाखाली जपले जात राहिले. गाडीएवढा डायप्रोटोडॉन सापडला, पिशवीवाला सिंह सापडला, इवलीशी वटवाघळं सापडली. वानराचा एक दातसुद्धा नाही. २००४ मध्ये इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा मीटरभर उंचीचा बुटका मानव जगापुढे आला, तेव्हा याउईवाल्यांना हुरूप आला. समुद्र ओलांडून तो तिथे पोहोचला असेल तर इथे का नाही? प्रश्न चांगला होता. पण फ्लोरेसचा मानव हाडांच्या रूपाने सापडला, आणि इथे हाडंच नाहीत.

मोहिमेवाल्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो खरा आहे. सिडनीपासून दीडशे किलोमीटरवरच्या वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात, १९९४ मध्ये, डेव्हिड नोबल हा उद्यानाचा कर्मचारी सुट्टीच्या दिवशी एका घळीत उतरला आणि त्याला अनोळखी झाडं दिसली. ज्या वंशाची ओळख तोवर प्रामुख्याने डायनासोरकाळच्या जीवाश्मांतून होती, त्यातलं ते जिवंत झाड निघालं. शंभराहूनही कमी मोठी झाडं, एवढ्या मोठ्या शहराच्या उशाला! नाइट पॅरट हा रात्रीचा पोपट तर संपलाच असं कित्येकांनी धरलं होतं. १९९० मध्ये क्वीन्सलँडात रस्त्याकडेला एक मेलेला सापडला, आणि २०१३ मध्ये जिवंत पोपटाचा फोटो मिळाला. रान खरोखरच गोष्टी लपवतं. पण या दोन्ही गोष्टी पुन्हा वाचा. नोबलने फांदी आणून दाखवली. पोपट आधी मेलेला मिळाला. दुर्मिळातला दुर्मिळ जीवही मागे काहीतरी टाकतो.

तर मग रात्री ओरडतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर मला याउईइतकंच विलक्षण वाटतं. उत्तर आहे कोआला. चित्रांतल्या त्या गुबगुबीत, झोपाळू प्राण्याचा नर विणीच्या काळात जो आवाज काढतो, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याची छाती धडधडते. श्वास आत ओढताना घोरल्यासारखा, सोडताना डरकाळीसारखा. खोल, घोगरा, अंधारात नेमका कुठून येतो ते न कळणारा. दहा-बारा किलोच्या जीवाचा आवाज जितका खोल असायला हवा, त्याच्या वीसपट खोल तो असतो, जवळजवळ हत्तीच्या पट्टीतला. कसा, हे २०१३ मध्ये उलगडलं. नेहमीच्या स्वरयंत्राबाहेर, घशात वरच्या बाजूला, कोआलाला लांब आणि जाड स्वरपट्ट्यांची आणखी एक जोडी असते.

त्याच्या जोडीला बार्किंग आऊल हे घुबड. एरवी कुत्र्यासारखं भुंकतं, पण कधीकधी बाईने जीव तोडून किंचाळावं असा आवाज काढतं. पिवळ्या पोटाची, झाडावरून झाडावर तरंगत जाणारी ग्लायडर खार म्हणावी अशा अंगाची, पण तिची घरघर मिसळलेली किंकाळी अर्धा किलोमीटर ऐकू जाते. पॉसम भांडताना खाकरतात, गुरगुरतात. निलगिरीची सोललेली साल लांब पट्ट्यांनी लोंबत असते, वाऱ्याने ती खोडावर आपटली की ठोक्याला ठोका दिल्यासारखं वाटतं. आणि वारा नसतानाही या झाडांच्या जड फांद्या अचानक मोडून पडतात. काळोखात कुणीतरी काहीतरी आपल्या दिशेने फेकलं असं वाटायला एवढं पुरे आहे.

डोळ्यांचंही तसंच. दाट काळोखात एका बारीक ठिपक्याकडे एकटक पाहिलं की स्थिर ठिपका हलल्यासारखा भासतो. हा डोळ्याचा दोष नव्हे, सगळ्यांना होतो. थर्मल कॅमेऱ्यात पांढरा पुंजका दिसतो, पण आजूबाजूला मोजायला काही नसल्याने तो किती मोठा आणि किती लांब हे कळत नाही. मागच्या पायांवर ताठ उभा राहिलेला मोठा कांगारू माणसाच्या उंचीचा असतो. ज्या माणसाने ‘काहीतरी पाहिलं’ असं सांगितलं, तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याने काहीतरी पाहिलेलंच असतं.

खरी खोट मला दुसरीकडे दिसते. या शोधात ‘नाही’ हे उत्तर मिळण्याची वाटच ठेवलेली नाही. न्यू साउथ वेल्सच्या उद्यान विभागाने २०१२ पासून दहा वर्षं, पूर्व भागातल्या २०० ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी चार आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून प्राण्यांची मोजदाद केली. वॉलबी आले, वोम्बॅट आले, कोल्हे आणि रानमांजरंही आली. याउई आला नाही. यावर उत्तर असं मिळतं की त्याला कॅमेऱ्याचे अवरक्त किरण दिसतात, तो टाळतो. २०१९-२०च्या वणव्यात ब्लू माउंटन्सच्या वारसा परिसराचा सुमारे ८० टक्के भाग होरपळला. राखेत कांगारू सापडले, कोआला सापडले. मोठ्या वानराचं एकही प्रेत नाही. त्यावरही उत्तर असतंच. केसांची तपासणी झाली तिथे काय निघालं तेही पाहावं. ब्रायन साइक्स या ऑक्सफर्डच्या जनुकशास्त्रज्ञाने जगभरच्या यती-बिगफूटवाल्यांकडून केस मागवले आणि २०१४ मध्ये ३० नमुन्यांचे निष्कर्ष छापले. अस्वल, घोडा, गाय, सुमात्रातल्या नमुन्यात टॅपिर, एका ठिकाणी चक्क माणूस. या शोधकांनी नमुने दिले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची बाजू. निकाल मानणं हा पुढचा टप्पा, आणि तिथे बहुतेकांची पावलं अडतात.

मला यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या कोआलाच्या आवाजाने तंबूतली माणसं उठून बसतात, तो कोआला २०२२ च्या फेब्रुवारीत क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशात ‘संकटग्रस्त’ म्हणून जाहीर झाला. रानतोड, रस्ते, कुत्रे, क्लॅमिडियाचा रोग आणि वणवे, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं आहे. कित्येक रानांत तो अजून आहे की संपला, हे कळायला सरकारी यंत्रणांना आवाज टिपणारी यंत्रंच लावावी लागतात, कारण झाडाच्या शेंड्यावर मुटकुळं करून बसलेला कोआला नजरेला पडत नाही, तो ओरडला तरच कळतो. शास्त्रज्ञांनी देशभर साडेतीनशेवर ध्वनिमुद्रक रात्रंदिवस चालू ठेवले आहेत. तरीही एवढ्या मोठ्या देशाला ते अपुरेच पडतात.

आणि इकडे याउईच्या मागावर गेलेल्या माणसांच्या कपाटांत वर्षानुवर्षांच्या टेपा आणि फायली पडून आहेत. तारीख, वेळ, घळीचं नाव, पुढे शेरा: ‘अनोळखी डरकाळी’. त्या कुणीतरी कोआला आणि घुबडं जाणणाऱ्या माणसाशेजारी बसून, सुरुवातीपासून, एकेक करून ऐकायला हव्यात. कुठल्या घळीत त्या वर्षी नर ओरडत होता, ते त्यातून कळेल. मग पुढच्या ऑक्टोबरात, कोआलाच्या विणीच्या दिवसांत, तीच माणसं त्याच घळीत तंबू ठोकून, खोडावर ठोके न देता, पुन्हा रात्रभर कान देऊन बसू शकतील.