बहिरी भिंत : 'तापिया' या शब्दाविषयी

स्पॅनिशमध्ये घरातल्या साध्या भिंतीला 'पारेद' म्हणतात आणि जाडजूड, तटासारख्या भिंतीला 'मुरो'. तिसरा शब्द आहे 'तापिया'. भाषांतर करताना मला सर्वांत जास्त अडवतो तो हाच. 'मातीची भिंत' हा त्याचा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

मुळात तापिया हे एका कृतीचे नाव. दोन फळ्या समोरासमोर उभ्या करायच्या, मधल्या पोकळीत किंचित ओलसर माती टाकायची आणि थरावर थर धुमसाने चोपत न्यायचे. मग फळ्या काढून पुढच्या तुकड्यासाठी लावायच्या. या फळ्यांच्या साच्याला 'तापियाल' म्हणतात. स्पॅनिश अकादमीच्या कोशात तापियाचा पहिला अर्थ 'एका वेळी घडवलेला भिंतीचा तुकडा' असा आहे. त्यापुढे ती चोपलेली माती, मग सबंध भिंत, मग कोणतीही कुंपणभिंत, आणि गवंड्यांच्या बोलीत चक्क 50 चौरस फुटांचे माप! मातीत चुना मिसळला की ती 'तापिया रेआल', म्हणजे शाही तापिया. 'अदोबे' मात्र वेगळे. ती उन्हात वाळवलेली कच्ची वीट. तो शब्द अरबीतून आला आणि त्याचे मूळ थेट प्राचीन इजिप्तच्या भाषेत सापडते.

हे तंत्र अरबांच्याही आधीचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी आफ्रिका आणि स्पेनमधल्या अशा भिंतींचे वर्णन करतो. त्या रचलेल्या नसून ठासून भरलेल्या असतात, पाऊसवारा आणि आगीलाही दाद देत नाहीत, असे त्याचे म्हणणे. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दिमा'त फळ्यांच्या लांबीरुंदीसकट हीच रीत सांगितली. त्याचा अरबी शब्द 'ताबिया'. ग्रानादाच्या अल्हम्ब्रा राजवाड्याची तटबंदी बव्हंशी अशाच चोपलेल्या मातीची आहे. अल्हम्ब्रा म्हणजे 'तांबडी', आणि हे नाव त्या मातीच्या रंगाशी जोडले जाते.

भाषेने या भिंतीला एक स्वभावही दिला. आपल्याकडे भिंतीला कान असतात. स्पॅनिशमध्येही 'पारेद' ऐकते. त्या म्हणीच्याच नावाचे सतराव्या शतकातले एक नाटक आहे. पण ठार बहिऱ्या माणसाला मात्र 'तापियासारखा बहिरा' म्हणतात. घरातली भिंत ऐकते, आवाराची ऐकत नाही, ही वाटणी मला फार मार्मिक वाटते. 'तापियार' या क्रियापदाचा अर्थही दार किंवा खिडकी चिणून बंद करणे असाच.

विसाव्या शतकात या बहिरेपणाला भयंकर अर्थ आला. तोवर शब्द मातीपासून सुटला होता. विटांची असो वा दगडांची, आवाराची भिंत ती तापिया. यादवी युद्धात आणि त्यानंतर कैद्यांना गोळ्या घालण्यासाठी दफनभूमीच्या भिंती निवडल्या गेल्या. ग्रानादाची दफनभूमी अल्हम्ब्राच्याच टेकडीवर, थोडी वर आहे. ऑगस्ट 1936 मध्ये शहराचे महापौर आणि कवी लोर्काचे मेहुणे मानुएल फेर्नांदेस-मोन्तेसिनोस यांना तिथेच मारले गेले. 5 ऑगस्ट 1939 रोजी माद्रिदच्या पूर्व दफनभूमीत 13 तरुणींना गोळ्या घातल्या. त्या 'तेरा गुलाब' म्हणून ओळखल्या जातात. तेव्हापासून 'दफनभूमीची तापिया' एवढे दोन शब्द उच्चारले, की स्पॅनिश माणसाला पुढचे सांगावे लागत नाही.

मराठीत काय करावे? बांधणीच्या दृष्टीने सर्वांत जवळचा शब्द 'कुसू'. पण गावकुसाबाहेर कोणाला राहावे लागले, हे मराठी वाचक विसरू शकत नाही आणि विसरूही नये. तो शब्द वापरला, तर स्पेनच्या दुःखावर आपल्या जातिव्यवस्थेचे दुःख चढते आणि दोन्ही धूसर होतात. 'आवारभिंत' अचूक आहे, पण तिला नगरपालिकेच्या निविदेचा वास येतो. नुसत्या 'भिंती'ला तर आपल्याकडे कान आहेत. म्हणून सध्या मी पहिल्या उल्लेखात 'तापिया' हाच शब्द ठेवतो, त्याच वाक्यात ती आवाराची भिंत आहे हे कळेल अशी सोय करतो, आणि तळटीप देत नाही.