पडद्यामागे, लेखांक ९: एंटर न दाबता

कॉलेजात टर्बो सी शिकलेल्या कुणालाही प्रोग्रामची शेवटची ओळ विचारावी. उत्तर ठरलेलं: गेट-सी-एच. लॅब मालवणची असो की नागपूरची, बोरलँडने १९८७ साली आणलेल्या त्या निळ्या पडद्यासमोर बसलेली मुलं ही ओळ डोळे मिटून लिहीत. प्रोग्राम संपला रे संपला की निळा पडदा परत येई आणि उत्तर झाकलं जाई. गेट-सी-एच एका कळीची वाट बघत थांबे, तेवढ्यात उत्तर वाचून होई. ऑल्ट आणि एफ५ दाबूनही ते बघता येतं, हे मात्र अनेकांना कुणी सांगितलंच नाही.

तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला की तिथला कंपायलर जीसीसी कुरकुरतो: कोनिओ डॉट एच सापडत नाही. गेट-सी-एच जिच्यातून येतं ती ही फाइल डॉसच्या जगातली, सी भाषेच्या अधिकृत प्रमाणात ती कधीच नव्हती. मग विद्यार्थी त्याऐवजी सीचं प्रमाणातलं गेटचार वापरतो, आणि गाडी एंटरपाशी अडते. अडवणारं असतं टर्मिनल. दाबलेली अक्षरं ते स्वतःपाशी ठेवतं, बॅकस्पेसने खोडू देतं आणि एंटरनंतर अख्खी ओळ पुढे सोडतं. टेलिटाइपच्या जमान्यातली ही पद्धत चांगलीच आहे, नाहीतर खाडाखोड प्रत्येक प्रोग्रामला स्वतः सांभाळावी लागली असती.

ती नको असेल तर टर्मिऑस या टर्मिनलच्या सेटिंगमधल्या आयकॅनॉन आणि एको या दोन खुणा उतरवायच्या, आणि जाताना पुन्हा होत्या तशा लावायच्या. हे विसरलं की नंतर टाइप केलेलं काहीच दिसत नाही. अशा वेळी आंधळेपणानेच 'एसटीटीवाय सेन' लिहून एंटर दाबायचं.

देवनागरीत मात्र खरी पंचाईत होते. समजा, मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची तिकिटं छापणारा छोटा प्रोग्राम कुणी लिहिला. तो विचारतो: छापू? ह / न. यूटीएफ-८ मध्ये 'ह' म्हणजे २२४, १६४, १८५ आणि 'न' म्हणजे २२४, १६४, १६८. एकच बाइट वाचणाऱ्याला दोन्ही वेळा २२४च मिळतो. होकार कुठला, नकार कुठला? वर उरलेले दोन बाइट पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घुसतात ते वेगळंच!

बॅश या शेलमधला 'रीड' बाइट नव्हे, अक्षरं मोजतो, त्यामुळे तिथे 'ह' अख्खा येतो. पण इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि ५ दाबून 'ज्ञ' दिला, तर कळ एक, पण संगणकाच्या लेखी ज, हलन्त आणि ञ अशी तीन अक्षरं, बाइट नऊ, आणि एकच अक्षर मागणाऱ्या 'रीड'च्या हाती नुसता 'ज'.

इंग्रजी कळफलकही यातून सुटत नाही. वरच्या बाणाची कळ सहसा २७, ९१, ६५ असे तीन बाइट पाठवते, आणि २७ म्हणजे खुद्द एस्केप. एस्केपवर बंद होणारा घाईचा प्रोग्राम बाण दाबताच बंद पडतो. म्हणून विमसारखे संपादक २७ आल्यावर क्षणभर थांबतात, मागून आणखी काही येतंय का ते बघतात.