माठाचे गणित आणि कोळंबीची टाकी

काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या घरी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, माझ्या पहिल्या टाकीतल्या बारा चेरी कोळंब्या चार दिवसांत मेल्या. पाणी नितळ होते, खाणे बेताचे होते आणि दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलेला हीटरही होता. थर्मामीटर मात्र नव्हता. तो आणून बुडवला तेव्हा दुपारी तीनला पाणी ३३ अंश सेल्सिअसवर होते. हीटर त्या महिन्यात एकदाही पेटला नसणार.

पुढे हाती लागेल ते वाचत गेलो, तेव्हा उमगले की ‘कोळंबीला किती तापमान लागते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या कोळंबीला, हे आधी विचारायला हवे. चेरी कोळंबी म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी. ती मूळची पूर्व आशियातल्या, मुख्यतः चीन आणि तैवानकडच्या, ओढ्या-तळ्यांतली. तिचा रानातला रंग मातकट, पारदर्शक. लाल रंग माणसाने निवडून वाढवला. तिला २० ते २६ अंश मानवतात. जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांनी १९९०च्या दशकात नावारूपाला आणलेल्या क्रिस्टल रेड कोळंबीचे पूर्वज दक्षिण चीनच्या डोंगरी झऱ्यांतले. तिला २० ते २४ अंश, मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागते. याउलट इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या प्राचीन सरोवरांमधल्या कोळंब्या २७ ते २९ अंशांत आणि आठच्या आसपास सामू असलेल्या पाण्यात राहतात. तिघी बोटाच्या पेराएवढ्या, दिसायला बहिणी. पण एका टाकीत त्यांचे जमत नाही.

उष्णतेने कोळंबी मरते ती भाजून नव्हे. तिला स्वतःची ऊब नसते. पाणी तापले की तिचे शरीरही तापते, श्वास वाढतो, प्राणवायूची गरज वाढते. नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. गरज चढती आणि पुरवठा उतरता. त्यात भर अमोनियाची. सामू तोच असला तरी २० वरून ३० अंशांवर जाताना अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दुप्पट होतो. हिवाळ्यात खपून जाणारा उरलेल्या खाण्याचा कण उन्हाळ्यात म्हणूनच महागात पडतो.

आपल्याकडचा खरा प्रश्न पाणी तापवण्याचा नसून निववण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या ओट्यावरच्या माठात आहे. माठातले पाणी पाझरते, बाष्प होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. टाकीचे झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा तिरका लावला की हेच घडते. माझ्याकडे पारा तीन अंशांनी उतरतो. सोलापूर, नगर, विदर्भ अशा कोरड्या हवेत हा उपाय चालतो. कोकणात किंवा मुंबईत हवाच दमट असल्याने पाणी उडत नाही, तिथे माठही फारसा गार होत नाही. मात्र एक पथ्य आहे: उडते ते नुसते पाणी, क्षार मागे राहतात. तूट बोअरच्या पाण्याने भरत गेलात तर महिन्याभरात टाकी जड होते. म्हणून ही भर आरओच्या पाण्याने घालावी.

टाकीची मांडणीही याच हिशेबाने करायची. दहा लिटरची टाकी दुपारी झपाट्याने तापते, चाळीस लिटरची सावकाश. त्यामुळे लहान जिवाला मोठी टाकी बरी. उंच टाकीपेक्षा पसरट चांगली, कारण हवेशी गाठ पडते ती पृष्ठभागाची. जागा खिडकीपासून दूर, शक्यतो जमिनीलगत. फिल्टर स्पंजचा घ्यावा: पाणी ढवळून प्राणवायू मिसळतो, आणि अंड्यातून निघालेली दोन मिलिमीटरची पिल्ले त्यात खेचली जात नाहीत. तळाशी वाळू, जावा मॉसचा पुंजका आणि रस्त्यावर पडलेले देशी बदामाचे एखादे वाळके पान धुऊन टाकावे. त्यावर धरणारा सूक्ष्मजीवांचा थर हेच पिल्लांचे खाणे. अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर कोळंबी आणू नये.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे, पण ते पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवू नये. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्यच तांब्याचे असते, तरी पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबेही तिला मारक ठरते.

आणि कंटाळा आला म्हणून टाकी ओढ्यात रिकामी करू नये. आपल्या नद्या-ओढ्यांत कॅरिडिना प्रजातीतल्या स्थानिक कोळंब्या आहेत. परकी जात आणि तिच्यासोबतचे रोग त्यांच्या वाट्याला कशाला?

दुसऱ्या खेपेला मी कोळंबीच्या आधी थर्मामीटर आणला. रिकाम्या टाकीचे पाणी एप्रिल-मे दोन्ही महिने रोज सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजून वहीत लिहिले. जागा दोनदा बदलली, पंखा लावला, दुपारचा आकडा २८च्या वर जाईना, तेव्हा जूनमध्ये दहा कोळंब्या सोडल्या. दिवाळीच्या सुमारास मॉसमध्ये पिल्ले दिसली. हीटर अजून माळ्यावरच आहे.