पेस्ट केलेला मजकूर निरर्थक का दिसतो?

जबलपूर : जुन्या ‘कृतिदेव’ फॉन्टमधील अर्ज कॉपी करून ऑनलाइन नमुन्यात पेस्ट केला, की देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. अर्ज गोहलपूरमधील हिंदी भाषकाचा असो वा मराठी भाषकाचा, कारण एकच. या फॉन्टमध्ये रोमन ‘डी’च्या जागी ‘क’चे केवळ चित्र बसवलेले असते. साधा मजकूर म्हणून पेस्ट करताना फॉन्टची माहिती गळते आणि मूळ ‘डी’ तेवढा उरतो.

युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला २३२५ हा स्वतंत्र क्रमांक आहे. संगणकावरील छोटा फॉन्ट कन्व्हर्टर क्लिपबोर्डवरील प्रत्येक चिन्ह अशा क्रमांकात बदलतो. ‘कि’मधील वेलांटी कृतिदेवमध्ये व्यंजनाआधी, तर युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. त्यामुळे चिन्हांचा क्रमही बदलावा लागतो.

इंटरनेटविना चालणाऱ्या कन्व्हर्टरमुळे अर्जातील खासगी माहिती संगणकाबाहेर जात नाही. तथापि, मजकुरातील ईमेल पत्ता किंवा इंग्रजी नावही देवनागरी समजून बदलले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे नाव, पत्ता व जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यानंतरच अर्ज दाखल करणे हिताचे ठरते.