लेख विपणनातील सामान्य चुका

लेख विपणन म्हणजे एखादे उत्पादन, सेवा किंवा संकेतस्थळ यांकडे ग्राहकांना आकृष्ट करण्यासाठी आंतरजालावर माहितीपर लेख प्रसिद्ध करण्याची पद्धत होय. थेट जाहिरातीत वस्तूची प्रशंसा असते. लेख विपणनात मात्र वाचकाला आधी उपयोगी माहिती द्यायची आणि त्यातून लिहिणाऱ्या संस्थेविषयी विश्वास निर्माण करायचा, असा क्रम अपेक्षित असतो. या पद्धतीतील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे : लेख वाचकासाठी न लिहिता शोधयंत्रासाठी लिहिला जातो.

पार्श्वभूमी

माहिती देऊन ग्राहक जोडण्याची कल्पना आंतरजालापेक्षा बरीच जुनी आहे. शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डीअर या अमेरिकी कंपनीचे 'द फरो' हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक १८९५ मध्ये सुरू झाले. टायर बनवणाऱ्या मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी प्रवास मार्गदर्शिका काढली. महाराष्ट्रात लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मुखपत्र सुरू केले. शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली पुढे त्यातूनच 'किर्लोस्कर' हे मराठीतील महत्त्वाचे मासिक उभे राहिले. वाचनीयतेला प्रथम स्थान दिल्यास कारखान्याचे पत्रकही कोठवर जाऊ शकते, याचे मराठीत यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

आंतरजालावर या पद्धतीला वेगळे वळण लागले. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ईझिनआर्टिकल्ससारख्या लेखसंग्रह संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य लेख देता येत असे. लेखाच्या शेवटी लेखकाचा अल्प परिचय आणि त्याच्या संकेतस्थळाचा दुवा असे. इतर संकेतस्थळे तो लेख दुव्यासह पुनर्मुद्रित करीत. अन्य पानांवरून येणारे दुवे गूगलच्या क्रमवारीत महत्त्वाचे असल्याने लेखाचे खरे मोल मजकुरापेक्षा त्या दुव्यात आहे, असे मानले जाऊ लागले.

शोधशब्दांचा अतिरेक

ग्राहक ज्या शब्दांनी शोध घेतो ते शब्द लेखात असणे स्वाभाविक आहे. चूक होते ती तेच शब्द प्रत्येक वाक्यात कोंबल्यामुळे. पानाच्या संकेतलेखनात दडवलेली शोधशब्दांची यादी आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले. तरीही अशा याद्या भरण्याची सवय पुढे बराच काळ टिकून राहिली.

मराठीत या चुकीचे स्वरूप अधिक विद्रूप होते. मराठी नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते : पुणे–पुण्यात, विमा–विम्याचा. शोधपेटीत मात्र लोक 'स्वस्त घर पुणे' असे सुटे शब्द टंकतात. ते जसेच्या तसे वापरण्याच्या हट्टातून 'आपण स्वस्त घर पुणे शोधत असाल तर स्वस्त घर पुणे आमच्याकडे उपलब्ध आहे' अशी वाक्ये जन्माला येतात. 'पुण्यात परवडणारे घर घेऊ इच्छिणाऱ्यांनी' असे लिहिल्याने आता शोधात फारसे नुकसान होत नाही. वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध लक्षात घेणारी बर्ट ही प्रणाली गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये मराठीसह सत्तरहून अधिक भाषांतील शोधासाठी वापरात आणली.

नक्कल आणि यांत्रिक फेरफार

एकच लेख अनेक ठिकाणी दिल्यास शोधयंत्रे सामान्यतः त्याची एकच प्रत निवडून दाखवतात. यावर उपाय म्हणून शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून एका लेखाचे अनेक लेख करणाऱ्या आज्ञावल्या वापरल्या जाऊ लागल्या. समानार्थी शब्द सर्वत्र परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत, हे यंत्राला कळत नसे. 'तोंडाला पाणी सुटते' याचे 'मुखाला जल सुटते' व्हावे, तसा हा प्रकार होता.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने पांडा या नावाने ओळखला जाणारा बदल अमेरिकेत लागू केला. नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून त्याला हे नाव मिळाले. निकृष्ट, उथळ किंवा इतरत्रून उचललेला मजकूर असलेली संकेतस्थळे त्यामुळे क्रमवारीत खाली गेली. सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाल्याचे गूगलने सांगितले. ईझिनआर्टिकल्सलाही मोठा फटका बसला आणि लेखसंग्रहांवर विसंबलेले विपणन जवळजवळ कोसळले. मार्च २०२४ मध्ये गूगलने केवळ क्रमवारीसाठी मोठ्या प्रमाणावर तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, आपल्या नियमांनुसार गैरप्रकार ठरवला.

विकत घेतलेले दुवे

न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीविषयी वृत्तांत छापला. कपड्यांपासून अंथरुणांपर्यंतच्या अनेक शोधांत ही कंपनी अग्रस्थानी होती, आणि तिच्याकडे येणारे असंख्य दुवे विषयाशी संबंध नसलेल्या पानांवर पेरलेले होते. त्यांच्याशी आपला संबंध नसल्याचे कंपनीने म्हटले. गूगलने मात्र तिला क्रमवारीत खाली ढकलले. अशा दुव्यांना लक्ष्य करणारा पेंग्विन हा बदल एप्रिल २०१२ मध्ये आला.

तथ्यांची पडताळणी न करणे

वाचकाच्या दृष्टीने सर्वांत हानिकारक चूक हीच आहे. क्रमवारीतील घसरण हे लेखकाचे नुकसान असते, चुकीची माहिती हे वाचकाचे. सीनेट या अमेरिकी संकेतस्थळाने यंत्राच्या साहाय्याने लिहिलेले ७७ लेख प्रसिद्ध केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये उजेडात आले. चक्रवाढ व्याजावरील एका लेखात १०,००० डॉलर ३ टक्के दराने ठेवल्यास वर्षाअखेर १०,३०० डॉलर मिळकत होईल, असे म्हटले होते. प्रत्यक्षात व्याज ३०० डॉलर होते. मुद्दल आणि व्याज यांची बेरीजच मिळकत म्हणून दिली गेली होती. फेरतपासणीनंतर ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या.

जुनी झालेली माहितीही याच सदरात मोडते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या करपद्धतीवरील लेख दुरुस्त न करता तसाच ठेवल्यास तो खोट्या माहितीइतकाच दिशाभूल करतो.

मांडणीतील दोष

जेकब नील्सन यांच्या १९९७ मधील अभ्यासात ७९ टक्के सहभागी पडद्यावरील मजकूर केवळ चाळत असल्याचे आढळले. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के होते. त्यामुळे लांबलचक प्रस्तावना आणि सलग परिच्छेद यांत मुख्य मुद्दा हरवतो. शीर्षकात दिलेले आश्वासन लेखात न पाळणे हा दोष तर सर्वपरिचित आहे. मराठीत आणखी एक अडचण येते : युनिकोडऐवजी जुन्या मुद्रणटंकातील मजकूर, किंवा चित्राच्या स्वरूपात चढवलेला लेख, शोधयंत्रांना नीट वाचता येत नाही.

जाहिरात असल्याचे लपवणे

पैसे घेऊन लिहिलेला लेख निःपक्ष माहिती म्हणून सादर करणे भारतात केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेले आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत बातमी किंवा लेखाच्या वेषातील जाहिरात ही ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचनांपैकी एक म्हणून नोंदवली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. औषधांबाबतचा निर्बंध याहून जुना आहे : मधुमेह, कर्करोग यांसारखे ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमानेच मनाई केली आहे.