कोथिंबिरीला थांबता येत नाही

मागच्या पावसाळ्यात एका रात्री चोर्ला घाटात झाड पडलं आणि पप्पांचा टेम्पो पाच तास अडकला. गाडीत बेळगावची भाजी होती. पहाटे म्हापशाला पोचायचा माल पोचला सकाळी दहाला. टोमॅटो टिकले, पण कोथिंबीर आणि पालक गेले. व्यापाऱ्याने पप्पांच्या भाड्यातून पैसे कापले.

त्याच आठवड्यात बी.कॉम.च्या एका मैत्रिणीचं सप्लाय चेनचं पुस्तक हाती लागलं. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण चाळता चाळता वाटलं, अरे, ही तर आमच्याच घरातली गोष्ट!

आधी दोन शब्द वेगळे करू. सप्लाय चेन, म्हणजे पुरवठा साखळी, ही सगळी माणसं मिळून होते: शेतकरी, अडत्या, टेम्पोवाला, गोव्यातला ठोक व्यापारी, बाजारातली भाजीवाली आणि शेवटी आपण. तिच्यात माल पुढे जातो, पैसा मागे येतो आणि माहिती दोन्हीकडे फिरते. लॉजिस्टिक्स हा त्यातला एक भाग. माल कुठे ठेवायचा, कशात भरायचा, कुठल्या रस्त्याने, किती वाजता न्यायचा, एवढं त्यात येतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बेळगावच्या शेतांत भाजी होती आणि गोव्यात लोक भाजीसाठी वणवण फिरत होते. माल होता, साखळी तुटली होती.

पुढचा शब्द लीड टाइम. मागणी केल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा वेळ. तो जितका लांब, तितका अंदाजावर भर जास्त. अंदाज चुकला तर उपयोगी पडावा म्हणून दुकानदार थोडा जादा माल ठेवतो, तो सेफ्टी स्टॉक. तांदळाचं पोतं महिनाभर ठेवता येतं. कोथिंबिरीला थांबता येत नाही. थंड गाडी परवडत नाही, मग राखीव ठेवायचा तो वेळच. पप्पा बाराऐवजी दहालाच निघतात. आमच्या घरचा सेफ्टी स्टॉक म्हणजे पप्पांची झोप! रविवारच्या मिस्सेला ते डुलक्या का घेतात, हे मला आत्ता कळलं.

सगळ्यात मजेशीर वाटला तो बुलव्हिप इफेक्ट. चाबकाची मूठ जराशी हलवली तरी टोक जोरात फिरतं, तसं. समजा, चतुर्थीच्या आधी भाजीवालीने दहा जुड्या जास्त मागितल्या. व्यापारी म्हणतो, वीस असू देत. अडत्या चाळीस सांगतो. सण संपला की तीच भाजी पडून राहते. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हेच बाळांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. बाळं रोज साधारण तेवढेच डायपर वापरतात, तरी मागणीचे आकडे वर-खाली उड्या मारत होते. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर लिहिलं. यावरचा एक मोठा उपाय साधा आहे: खरी विक्री किती झाली, ते साखळीतल्या सगळ्यांना कळू द्या.

हे मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या रात्री जांबोटीत असतानाच कुणी फोन केला असता तर गाडी खानापूरला वळवली असती की. अनमोडने गेलो असतो."

मला तिथेच सगळं पुस्तक समजलं. नवी गाडी नको होती, नवा रस्ता नको होता. एक फोन पुरला असता. झाडाची बातमी ज्याच्यापर्यंत पोचली नाही, नुकसान मात्र त्याच्या गळ्यात पडलं.

आता ड्रायव्हर लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. घाटात काही झालं की पहिला जो बघेल तो मेसेज टाकतो. मराठी टायपिंग मी शिकवलं. पप्पा मेसेज लिहितात, "घाट बंद. वळा." साहित्याच्या विद्यार्थिनीला याहून नेमकं वाक्य अजून जमलेलं नाही.